संकासुराचा मुखवटा

माझ्या कपाटात, आईच्या जुन्या शालीच्या घडीखाली, एक लाल मुखवटा पडून आहे. कापडाचाच आहे, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेघा आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरी भिंगे. बाजारात त्याची किंमत फार तर शंभर-दीडशे रुपये असेल. तो माझा नव्हे. गेल्या माघातील जत्रेच्या रात्री मी तो एका मुलाच्या तोंडावरून ओढून काढला, आणि तेव्हापासून तो मजजवळ राहिला आहे. ही हकीकत लिहावी की न लिहावी, ह्याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. परंतु ह्या मासिकाचे वाचक देवळाच्या अंगणात वाढलेले आहेत. दशावतारी काला त्यांनी, पेंगुळल्या डोळ्यांनी का होईना, आईच्या मांडीवरून पाहिलेला आहे. तेव्हा माझा अपराध त्यांना समजावून देण्यास फार शब्द खर्चावे लागणार नाहीत, एवढ्या भरवशावर लिहावयास बसलो आहे.

माझे घर रामनगरला. पण ‘गाव कोणते?’ असे कोणी विचारले म्हणजे तोंडून अद्यापि ‘सुपे’ हेच नाव निघते. जोयडा तालुका म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीच्या काठचे ते तालुक्याचे ठिकाण १९८०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, आणि आम्हांसारखी पुष्कळ घरे रामनगरला आली. आमच्या वाडीच्या घरांबरोबर देव आला, देवाबरोबर जत्रा आली, आणि जत्रेबरोबर कालाही आला. पूर्वी तो खेळ करावयास गोव्याकडची मंडळी येत असत. पुढे आमच्याच लोकांनी तो हौसेने उचलला. गेली काही वर्षे तालमीवर देखरेख ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. देखरेख म्हणजे काय, तर मुलांनी उच्चार शुद्ध करावेत, वडीलधाऱ्यांसमोर पाचकळ बोलू नये आणि वेळेवर यावे, एवढे पाहणे. ह्यांतले तिसरे मला कधीच साधलेले नाही.

काल्याला संहिता नसते, हे वाचकांस ठाऊक आहेच. एक बाकडे, पायपेटी, मृदंग, झांज, एवढ्यावर रात्र काढायची. बोलणे ज्याचे त्याने आयत्या वेळी रचावयाचे. आधी गणपती, मग सरस्वती, मग ब्रह्मदेव, आणि मग ज्याची पोरे झोप आवरून वाट पाहत असतात तो संकासुर. ह्या संकासुराचे मला लहानपणापासून नवल वाटत आलेले आहे. त्याने केले काय, तर वेद चोरले! पापाची प्रतवारी लावली तर ह्याच्या वर जागा मिळेल असा पापी पुराणांत सहज सापडावयाचा नाही; आणि तरीही अवघ्या खेळात लोकांना हसविण्याची कामगिरी नेमकी ह्याच्याकडेच सोपविलेली. देव आमच्याकडे मराठीत बोलतात, तेही जरा पुस्तकी. हा मात्र उभा ठाकतो तो कोंकणीत. ब्रह्मदेवाला तो बस चुकल्याचे गाऱ्हाणे सांगतो, नारळाचा भाव विचारतो, पुढच्या रांगेत बसलेल्या सावकाराची टोपी नीट करावयास सांगतो. नखशिखांत काळा पोशाख, तोंडावरून ओढलेले काळे फडके. शेवटी विष्णू येतो आणि त्याचा वध करतो. तो पडला की मांडवात क्षणभर उगीचच सुनेसुने वाटते. देवाचा विजय झाला म्हणून टाळ्या पडतात हे खरे. पण मुलांची तोंडे पाहावीत.

गेल्या साली संकासुराचे काम शेजारच्या वाड्यावरील एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे होते. अंगाने काटकुळा, जिभेने तिखट. तालमीत त्याने काळे फडकेच वापरले होते. जत्रेच्या रात्री मात्र तो आत आला तो हा लाल मुखवटा चढवून. आल्याबरोबर मांडवाच्या खांबावर चढला, एका हाताने लोंबकळला, आणि कमरेची सुतळी ब्रह्मदेवाच्या दिशेने फेकून म्हणाला, “ब्रह्मदेवानूं, तुमचे वेद हांवें जाळ्यांत धरले!” सुतळीच्या टोकाला मासे पकडण्याचा गळ होता, त्याने तो वेदांच्या तांबड्या गाठोड्यात अडकवून ते असे लीलया ओढून नेले की पोरे अक्षरशः उड्या मारू लागली. आमचे ब्रह्मदेव, एरवी हसू न येणारा माणूस, दाढी धरून हसू लागले.

आणि मी उठलो. मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते: “हा देवाचा काला आहे, सर्कस नव्हे.” एवढे बोलून मी त्या मुलाच्या तोंडावरचा मुखवटा ओढला. मृदंग थांबला. मुलगा तसाच उभा राहिला. उघडे तोंड, कपाळावर घाम, आणि रंग न लावलेला तो अठरा वर्षांचा चेहरा गॅसबत्तीसारख्या पांढऱ्या दिव्याखाली फारच लहान दिसत होता. पुढचा प्रवेश त्याने कसाबसा म्हटला. कोणी हसले नाही. विष्णूने त्याला मारले तेव्हा टाळीही वाजली नाही. दुसऱ्या दिवशी तो फोंड्याकडे कामावर निघून गेला.

त्या रात्री माझा नातू मांडवात होता. तो पुण्याला शिकतो. जत्रेहून परतेपर्यंत तो मजशी बोलला नाही. मीही कारण विचारले नाही. वैशाखात सुटीसाठी आला तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवताना त्याने एकाएकी विचारले, “आजोबा, त्या मुखवट्याचा सिनेमा तुम्ही पाहिला आहे का?” मी म्हटले, नाही. “त्यांतला कुठलाही?” नाही. “मग सर्कस कशावरून?”

प्रश्न वकिलाचा होता, आणि माझ्याजवळ साक्षीदार तयार होता. मार्टिन स्कोर्सेसी हे अमेरिकेतील थोर दिग्दर्शक. सुपरहिरोंच्या चित्रपटांना आपण सिनेमा मानीत नाही, ते जत्रेतल्या पाळण्यांच्या जातीचे आहेत, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी २०१९ साली काढले, आणि त्यावर गदारोळ झाला तेव्हा वर्तमानपत्रात लेख लिहून आपले म्हणणे अधिक विस्ताराने मांडले. माणसाच्या मनाला जेथे धोका नाही, जेथे खरोखर काही पणास लागलेले नाही, तेथे कला कशी असेल, असा त्यांचा आशय. मला तो अगदी पटला होता. मी तो नातवाला सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “त्यांनी पाहून सांगितले. तुम्ही ऐकून सांगता.” प्रत्यक्षात स्कोर्सेसींनीही थोडेच पाहून सोडून दिले होते, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे, पण ती माहिती मी त्या वेळी पुढे केली नाही. माझीच बाजू लंगडी झाली असती.

खरे म्हणजे ह्या मंडळींशी माझी अगदीच ओळख नव्हती असे नाही. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली, आणि त्यांतून ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाचा १९३६ सालचा ‘फँटम’ आपल्याकडे आला. त्याचे नाव ठेवले ‘वेताळ’. वडिलांच्या किराणा दुकानात पुड्या बांधण्यासाठी रद्दी येई. तीत एकदा मला त्याचा एक अंक सापडला. घट्ट जांभळा पोशाख, डोळ्यांवर पट्टी, बोटात कवटीची अंगठी. तो मी ओसरीवर पालथा पडून वाचीत असता पान उडाले आणि माझ्या पायाखाली आले. आजीने विचारले, कोण रे हा? मी म्हटले, वेताळ. ती लगबगीने वाकली, पान उचलून कपाळाला लावले आणि म्हणाली, “वेताळ मरे तो! पांय लावूं नाका ताका.” आमच्या सीमेपलीकडे पैंगिणीला, लोलयेला वेताळ हा गावचा रक्षणकर्ता देव, रात्री तो गावाभोवती फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. चित्रातला वेताळही पिढ्यान्पिढ्या जंगलात गस्त घालणारा. आजीला त्याच्या पोशाखात काही वावगे दिसले नाही. देव आज असा नटून आला आहे, एवढेच तिने मानले. हा प्रसंग मी नातवाला सांगितला आणि सांगता सांगताच पस्तावलो, कारण त्याने काही न बोलता भुवया वर केल्या.

ठरले ते असे की त्याने निवडलेले चित्रपट मी पाहावयाचे आणि मग बोलावयाचे. आमच्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज जाते. तेव्हा दोन चित्रपट अडखळत, तीन-तीन दिवसांनी पुरे झाले.

पहिल्या दोहोंविषयी थोडक्यातच लिहितो. एकात एक आख्खे शहर पडले. इमारती कोसळत होत्या, आत माणसे असणार हे उघड होते, आणि नायक एकमेकांना कोट्या ऐकवीत होते. ह्या विनोदाने मला हसू आले नाही. संकासुर नारळाचा भाव विचारतो तेव्हा त्याच्या घरी त्या आठवड्यात नारळ नसतो, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. ती कोटी आमच्यातली असते. ही कोटी कोणाचीच नव्हती. जगातील सर्व देशांत एकाच वेळी विकता यावी म्हणून तिची मुळे तोडलेली होती. दुसरा चित्रपट २०१६ सालचा, बॅटमॅन आणि सुपरमॅन ह्यांच्या युद्धाचा. त्यात कोणी हसतच नाही. सदोदित रात्र, सदोदित पाऊस, आणि दोन बलदंड पुरुष घशातून बोलतात. नातवाला वाटत होते की हा गंभीर आहे, म्हणून आजोबांना आवडेल. मला तो कीर्तनात मध्येच डोळे मिटून घेणाऱ्या बुवांसारखा वाटला. तोंड लांब केले म्हणजे विचार खोल होतो, असे असते तर आमच्या समितीच्या बैठकांतून उपनिषदे निघाली असती. एकनाथमहाराजांनी भारुडात विंचू नाचविला, वेडी नाचविली, आणि जे सांगावयाचे ते त्यांच्याच तोंडून सांगितले. चारशेहून अधिक वर्षे लोक हसत हसत ते ऐकत आहेत, आणि अर्थ कोठे सांडलेला नाही.

“हे दोन्ही वाईटच आहेत,” नातवाने कबूल केले. “मुद्दाम दाखविले.” मग त्याने तिसरा लावला. तो २००४ सालचा, सॅम रायमी ह्यांचा ‘स्पायडर-मॅन २’. म्हणजे माझ्या कपाटातल्या मुखवट्याचा.

मी तो एका बैठकीत पाहिला. त्या रात्री विजेनेही दया केली. हा नायक एक तरुण पोरगा. वडील नाहीत, ज्या काकाने वाढविले तो मारला गेला आहे, काकू घराचे हप्ते फेडू शकत नाही. पोरगा घरोघर खाणे पोचविण्याची नोकरी करतो, आणि वाटेत लोकांचे प्राण वाचविताना उशीर झाला म्हणून ती घालवितो. एकदा त्याच्या अंगची शक्ती ऐन वेळी नाहीशी होते. भिंतीवरून उतरता येईना म्हणून त्याला तो लाल पोशाख घालून, एका अनोळखी गृहस्थाच्या शेजारी, लिफ्टमधून खाली यावे लागते. गृहस्थ पोशाखाची चौकशी करतो. हा सांगतो की तो जरा टोचतो. मी मोठ्याने हसलो. सामर्थ्य गमावलेला वीर म्हटला की मला रडगाणे अपेक्षित होते, आणि समोर हा प्रकार! आपल्या मारुतीलाही ऋषींच्या शापाने स्वतःचे बळ आठवत नाही. समुद्रकाठी जांबवंताला ते आठवून द्यावे लागते. पण बळ विसरलेला मारुती त्या आधीची वर्षे कसा वागत असेल, लोक त्याला काय म्हणत असतील, ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. तो विचार मला एका लिफ्टने दिला, हे कबूल करावयास हवे.

पुढे एक प्रसंग आहे. भरधाव आगगाडीचा ताबा सुटला आहे, रूळ पुढे संपत आहेत. हा पोरगा गाडीच्या तोंडाशी उभा राहून दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी चिकटवितो आणि अंगाच्या चिंध्या होईतो ती ओढून धरतो. गाडी अगदी टोकाशी थांबते. तो बेशुद्ध होऊन पुढे कलतो, इतक्यात आतून हात येतात, त्याला धरतात, आणि उतारू त्याला डोक्यांवरून हातोहात आत नेतात. मुखवटा त्याने आधीच काढलेला असतो. ते लोक त्याला खाली निजवितात आणि पाहतात, तर हा एक मुलगा. एक जण म्हणतो की हा माझ्या मुलापेक्षा मोठा नसेल. मग दोन लहान मुले पुढे येतात. त्यांच्या हातात त्याचा मुखवटा असतो. तो ती त्याला परत देतात, आणि आम्ही कोणाला सांगणार नाही म्हणतात.

नातू पडद्याकडे पाहत नव्हता. मजकडे पाहत होता. मी उठून पाणी प्यावयास गेलो.

त्या रात्री मला झोप आली नाही. पण जे आठवत राहिले ते मांडवातले नव्हते. ते सुप्याचे होते.

माझे वडील काल्याच्या आख्यानात मारुतीचे काम करीत. दिवसा ते सुप्याच्या बाजारात गूळ-तांदूळ तोलणारे दुकानदार, रात्री द्रोणागिरी उचलणारे हनुमंत. हा द्रोणागिरी त्यांनी स्वतः केला होता: बांबूच्या कांबींचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर खळीने डकविलेले कागद, दर वर्षी त्यावर नव्या डहाळ्या खोवावयाच्या. माळ्यावर त्याची जागा ठरलेली होती. घर सोडण्याचा दिवस आला तेव्हा ट्रक दाराशी उभा होता आणि सामान चढत होते. आई तुळशीवृंदावनापाशी बसून राहिली होती. ती मोठ्याने रडत नव्हती. पण उठतही नव्हती. शेजारी, ट्रकवाला, हमाल, सारे थांबले होते. तेवढ्यात वडील आतून आले. अंगात रोजचाच सदरा, कमरेला मागे सुंभाची शेपटी खोवलेली, आणि उजव्या तळहातावर तो द्रोणागिरी. वय पंचावन्नाच्या पुढे. अंगणात त्यांनी एक उडी मारली, गुडघ्याला हात लावून ‘हाय हाय’ केले, आणि आईपाशी येऊन मारुतीच्या आवाजात म्हणाले, “लक्ष्मणाक मूर्छा आयल्या, वेळ करूं नाकात!” हमाल हसले. मग ट्रकवाला हसला. आणि मग आई, पदर तोंडाला लावून, खांदे हलेतो हसली. डोळ्यांना धार होतीच. हसत हसतच ती उठली आणि ट्रकमध्ये चढली.

मी तेव्हा पंचविशी ओलांडलेला, शिकलेला तरुण होतो. मला लाज वाटली. घर बुडत आहे आणि हे काय सोंग! मी पुढे होऊन त्यांच्या हातातला डोंगर घेतला आणि म्हणालो, “बाबा, लोक पाहताहेत.” त्यांनी तो दिला. शेपटी सोडली, गुंडाळली, खिशात घातली. पुढे रामनगरला काला सुरू झाला तेव्हा त्यांनी मारुतीचे काम घेतले नाही. गुडघे राहिले नाहीत, असे सांगत. ते मी खरे मानले. मानणे सोयीचे होते.

पर्वत उचलणाऱ्याला आपले चार खणांचे घर पाण्यावर उचलून धरता येत नाही, हे त्या अंगणात माझ्या वडिलांइतके कोणाला कळले असेल? आणि म्हणूनच त्यांनी उडी मारली असेल. सुपरमॅनची गोष्ट जेरी सीगेल आणि जो शुस्टर ह्या दोन मुलांनी रचली. तो पहिल्याने छापला गेला १९३८ साली, आणि त्याचे हक्क त्यांनी एकशेतीस डॉलरना देऊन टाकले. सीगेलच्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. १९३२ साली त्या दुकानात चोर शिरले असता ते कोसळले आणि गेले. गोळी ज्याच्या अंगावरून परतते असा पुरुष त्या मुलाने पुढे का रंगविला, ह्याविषयी अभ्यासक तर्क करतात. त्यांत मी पडत नाही. पण १९७८ साली रिचर्ड डॉनर ह्यांनी ह्या वीराचा चित्रपट केला, त्यात हा मुलगा वडिलांच्या कबरीपाशी उभा राहतो. वडील हृदयविकाराने गेलेले. एवढी शक्ती असून त्यापुढे त्याचे काही चाललेले नसते. नंतर नातवाने तोही मला दाखविला. हा मनुष्य ज्या पोशाखात उडतो तो पाहिला तर हसू येते, आणि कबरीपाशी येत नाही, माणूस एकच. स्कोर्सेसींना जो पण हवा होता तो येथे मला दिसला. सगळ्यांत नव्हे. नातवाचे म्हणणे की मजा आली म्हणजे पुरे. ते मला अजून मान्य नाही, आणि ज्यात मजाही नाही व दुसरेही काही नाही अशा चित्रपटांची रास मोठी आहे. परंतु मी जो तराजू घेऊन बसलो होतो, एका पारड्यात हसू आणि दुसऱ्यात खोली, तो माझ्या वडिलांच्या दुकानात चालला नसता.

दादासाहेब फाळके ह्यांनाही हा तराजू ठाऊक नसावा. १९१७ च्या ‘लंकादहना’त त्यांनी मारुतीला आकाशातून उडविले, आणि १९१९ च्या ‘कालियामर्दना’त आपली मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण करून पाण्यात नागाशी झुंजविले. ही युक्तीची करामत पाहावयास लोक गर्दी करीत. आणि ‘लंकादहना’त पडद्यावर राम आला की तेच लोक पायातल्या वहाणा काढीत. राम आणि सीता दोन्ही कामे साळुंके नावाच्या एकाच नटाने केली होती, ह्याने त्यांची भक्ती उणावली नाही. माझी आजी त्यांच्यातलीच.

जरा जुने काढून पाहावे म्हणून मी भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय पुन्हा वाचला. तेथे नाट्याला पाचवा वेद म्हटले आहे, हे मी तालमीत मुलांना नेहमी सांगत आलो आहे. त्यांच्यावर वचक बसविण्यासाठी. पण देवांनी ब्रह्मदेवाकडे मूळ मागणी काय केली, ते मी कधी सांगितले नव्हते. त्यांनी मागितले खेळणे. डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल असे खेळणे. ब्रह्मदेवाने खेळणे म्हणून जे दिले तोच वेद. पुढे पहिला प्रयोग झाला, त्यात दैत्यांचा पराभव दाखविला होता. दैत्यांना राग आला, आणि त्यांच्या बाजूची विघ्ने येऊन त्यांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती थिजवून टाकली. इंद्राने ध्वजाच्या काठीने त्यांना बडविले, तेव्हा कोठे खेळ पुढे चालला. हा भाग वाचताना मला मांडवातला तो थांबलेला मृदंग ऐकू आला. नट उभा आहे, वाणी गेली आहे, हालचाल गेली आहे, पुढचे शब्द आठवत नाहीत. त्या रात्री आमच्या मांडवात विघ्न कोण होते, ते वाचकांनीच ओळखावे.

त्या मुलाने केले काय? संकासुराचे काम चोरी करणे. वेद चोरावे, ब्रह्मदेवाची फजिती करावी, आणि त्या त्या वर्षी पोरांच्या तोंडी जे असेल ते उचलून आणावे. आमच्या लहानपणचा संकासुर गोव्याहून आलेल्या चोरट्या घड्याळांच्या गोष्टी सांगे. तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या मनगटावरचे घड्याळ ओढून काढले नव्हते. ह्या मुलाने अमेरिकेतला कोळी चोरून आणला, त्याच्या सुतळीला आमच्या नदीचा गळ बांधला, आणि त्याला कोंकणीत बोलावयास लावले. सर्कस नव्हती ती. काला जसा असावा तसाच तो होता, आणि माझ्या देखरेखीखाली इतक्या वर्षांत तसा झाला नव्हता.

आषाढ लागल्यावर, पाऊस जरा उघडला तेव्हा, मी मुखवटा धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्या वाड्यावर गेलो. मुलाची आई अंगणात सोललेल्या सुपाऱ्यांवर ताडपत्री ओढीत होती. मला पाहून तिने खुर्ची आणली, चहा ठेवला. मी इकडचे तिकडचे बोललो. मग पुडके तिच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, हे तुमच्या मुलाचे; मजकडे राहिले होते. तिने ते उघडले नाही. आत काय आहे हे तिला माहीत असावे. थोडा वेळ ती पागोळ्यांकडे पाहत होती. मग पुडके उचलून तिने ते पुन्हा माझ्या मांडीवर ठेवले.

“तो चवथीक येतलो,” ती म्हणाली. “तुमीच दियात ताच्या हातांत.”

चतुर्थीला अजून पाच आठवडे आहेत.